कोरी भाषा

परवा आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात नव्यानं लागलेला एक इंजिनिअर कॉम्प्युटरशी गप्पा मारत बसला होता. 'ही नावं तारखेप्रमाणे लाव आणि मधल्या रिकाम्या ओळी काढून टाक' असं त्यानं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत टाइप केलं आणि समोर पानभर प्रोग्रॅम उतरला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो चहाला निघून गेला. मी मात्र त्याच्या पडद्यासमोर उभी राहिले आणि त्यानं टाइप केलेली ओळ पुन्हा वाचली. हे बघायला मुरबाडच्या कारखान्यातल्या आमच्या बाई हव्या होत्या.

बाई आता नाहीत. असत्या तर त्यांनी आधी पदरानं चष्मा पुसला असता, तो पानभर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असता आणि म्हणाल्या असत्या, "बरा हाय. पन मुरबाडला येईस्तवर जुना होईल, बग."

भाषा म्हटलं की तुमच्या-माझ्या डोक्यात मराठी, हिंदी, फार तर इंग्रजी येते. बाईंच्या डोक्यात फोरट्रान, कोबॉल, बेसिक, फॉक्सप्रो यायच्या. मशीनला काम सांगायच्या या भाषा, आणि त्यांच्याबद्दल बाई अशा बोलायच्या की नवख्या माणसाला वाटावं, भावकीतल्या बायकांच्या उखाळ्यापाखाळ्या चालल्यात. त्यांचा एक सिद्धांत होता. भाषा जन्मते परदेशात, मग थोरल्या जावेनं नेसून टाकलेली साडी धाकटीकडं यावी तशी ती मुंबईला येते, मुंबईला कंटाळा आला की कल्याणला, आणि पार विरली की मुरबाडला. जगानं कोबॉलला नावं ठेवायला सुरुवात केली तेव्हा बाईंच्या हातात कोबॉल आली. फॉक्सप्रो बनवणाऱ्यांनीच तिच्यावरचा हात काढला तेव्हा आमच्या कारखान्यात तिची हौसेनं पूजा चालली होती. "मी जन्मभर जुनेर नेसली," बाई म्हणायच्या. "एकदा तरी कोऱ्या भाषेची घडी मोडायची हाय मला."

कारखाना तारेचा होता, मुरबाडच्या एमआयडीसीत. त्याच्या कोपऱ्यातल्या बाईंच्या कॉम्प्युटरच्या केबिनवर 'ई.डी.पी.' अशी पाटी होती आणि तिचा अर्थ बाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. मी शहापूरची. कल्याणच्या क्लासात जावा शिकून स्वतःला फार शहाणी समजत होते आणि किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीनं रोज कामावर जात होते. पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, कुठली भाषा? मी ऐटीत सांगितलं, जावा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, म्हणजे तहान लागली तर आधी अर्ज लिहिणार, मग अर्जाचा नमुना ठरवणार, मग पाणी पिणार. मला तेव्हा राग आला. पुढं जावाच्या एकेका प्रोग्रॅमखाली रगडून निघाले तेव्हा वाटलं, बाईंनी जरा कमीच सांगितलं होतं.

प्रत्येक माणसाची त्यांनी अशी एकेक भाषा ठरवून टाकली होती. स्टोअरचे मॅनेजर कोबॉल, कारण दोन शब्दांचं काम ते वीस शब्दांत सांगायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम दिल्यासारखं थांबायचे. मोठे साहेब म्हणजे 'सी' ही भाषा. काही चुकलं तर ते आधी एका शब्दानं बोलणार नाहीत, आणि मग भलत्याच दिवशी धाडकन सगळं बंद पाडतील. गेटवरचा वॉचमन बेसिक, सरळ आणि सगळ्यांना समजणारा. "आनि तुमी?" असं मी एकदा त्यांच्याच सुरात विचारलं. त्या नुसत्या चष्मा काढून पुसत बसल्या.

बाई वैशाखऱ्याच्या. वडील रस्त्याच्या कामावर होते. माळशेज घाटात दरड आली की रात्री-अपरात्री त्यांना बोलावणं यायचं. आजोबांच्या काळात घरानं बौद्ध धम्म घेतला होता आणि शिकायचं म्हणजे शिकायचंच असा त्या घराचा कायदा होता. बाई मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या आणि मुंबईत एका मोठ्या ऑफिसात कार्डांना भोकं पाडायच्या कामाला लागल्या. तेव्हा प्रोग्रॅम पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत, एका कार्डावर एक ओळ, आणि अक्षराऐवजी भोकं. भोकं पाडता पाडता त्या भोकांचा अर्थ त्यांना लागायला लागला, मग त्या परीक्षा देऊन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत जाऊन बसल्या.

त्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचा नियम होता. धूळ नको म्हणून. आमच्या केबिनमध्ये एसी कधीच बंद पडला होता, खिडकीतून तारेचा लोखंडी भुगा सरळ टेबलावर येऊन बसायचा, पण बाईंनी तो नियम काही सोडला नाही. मोठे साहेब आले तरी बूट दाराबाहेर. मी एकदा म्हटलं, बाई, बाहेरची धूळ आत कमी आहे का? तर म्हणाल्या, धुळीसाठी कोण करतंय. मुंबईच्या त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्या वरचे सगळे साहेब ओळीनं मोज्यांवर उभे होते. "येकाचा पन मोजा धड नव्हता गो. तवा माजी भीती गेली."

भीती गेली, पण एक गोष्ट मनातून गेली नाही. त्या काळी प्रोग्रॅम संध्याकाळी द्यायचा आणि निकाल दुसऱ्या दिवशी यायचा. कोबॉलमध्ये एक पूर्णविराम राहिला तर मशीन पानंच्या पानं चुका छापायचं. तो लांबलचक कागद बाईंचे साहेब सगळ्यांसमोर उलगडायचे, लग्नात पायघड्या घालतात तसा, टेबलापासून दारापर्यंत, आणि म्हणायचे, या, बघा, कुणाकुणाला घेतलंय आपण कामावर. एक टिंब राहिलेलं असायचं. बाई हे सांगताना हसायच्या, पण सांगून झाल्यावर टेबलावरचा कागद उगाच घडी घालून ठेवायच्या.

बेसिक त्यांना आवडायची ती एका सवयीसाठी. जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला आकडा द्यावा लागे, आणि लिहिणारे एक, दोन, तीन असे न देता दहा, वीस, तीस असे देत. मधे काही विसरलं असेल तर नंतर घालायला जागा राहते. बाईंनी सगळा संसारच तसा मांडला होता. डब्यात एक चपाती जास्त, बाकावर बसताना शेजारी एका माणसाची जागा. लग्न त्यांनी केलं नाही, आई आजारी पडली तेव्हा मुंबईची नोकरी सोडून मुरबाडला आल्या त्या आल्याच. कुणासाठी जागा ठेवता, असं विचारायचं माझ्या फार मनात होतं. कधी विचारलं नाही.

खंडेनवमीला कारखाना अर्धा दिवस बंद असायचा. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. बाई पूजेला हात लावायच्या नाहीत आणि कुणाला अडवायच्याही नाहीत. "पूजा तुमी करा, मी गोष्ट सांगते," असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. त्यामुळं दरवर्षी त्या दिवशी आमच्या केबिनबाहेर ऑपरेटर बायका-माणसं पेढे खात बसायची आणि बाई एकेका भाषेचं चरित्र सांगायच्या. अल्गॉल, जी स्वतः फारशी कुणाच्या घरी नांदली नाही, पण पुढच्या सगळ्या सुना तिच्याच वळणावर गेल्या. पास्कल, जी शाळामास्तरीण म्हणूनच जन्मली. लोकांना निम्मं कळायचं नाही, पण बाई सांगत अशा की कुणी उठायचं नाही.

एका वर्षी कुणीतरी कॉम्प्युटरसमोर पाटीवर सरस्वती काढून ठेवली होती, आपण काढतो तशीच, एक-एकचे आकडे जोडून. आमचा दोघींचा तेव्हा एक जुना तंटा चालू होता. मी जावावाली, त्यामुळं मोजायला शून्यापासून सुरुवात करायची. बाईंच्या सगळ्या जुन्या भाषा एकापासून मोजणाऱ्या. शून्यापासून मोजणं त्यांना शुद्ध शिष्टपणा वाटायचा. पहिली भाकरी खाऊन झाल्यावर शून्य खाल्ली म्हणतेस का, असं विचारायच्या. त्या दिवशी पाटी बघून त्यांना इतका आनंद झाला की सगळ्यांना बोलावून दाखवली. बघा, माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, हिची सरस्वतीसुद्धा एकापासूनच मोजते.

आणि मग त्यांनी ती कोरी घडी मोडली. म्हणजे स्वतःच एक भाषा केली.

निमित्त साधं होतं. एक ते बारा अशी तार ओढायची मशीनं होती आणि त्यांवर बऱ्याच बायका सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवरून यायच्या. पाळी संपताना किती कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, झाली, तार किती वेळा तुटली, हे त्यांनी कॉम्प्युटरवर भरायचं होतं. इंग्रजी खिडक्या आणि चौकटी बघून त्या घाबरायच्या. बाईंनी फॉक्सप्रोच्या पोटात बसून त्यांच्यासाठी बोलायची सोय केली. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले, मोबाइलवर मेसेज पाठवतात तसे. 'घे मशीन तीन. मोज कॉइल चाळीस. तार तुटली दोन. कमी असंल तर सांग.' एवढं लिहिलं की हिशेब बाईंच्या केबिनमध्ये हजर.

त्या भाषेचा सगळ्यात मोठा नियम असा होता की ती कुणालाही चूक दाखवणार नाही. लिहिलेलं कळलं तर करील, नाही कळलं तर गप्प बसेल. मी म्हटलं, बाई, असं चालत नाही, चुकलं तर माणसाला कळलं पाहिजे. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "माज्या भाषेत कोनाला खाली बगायला लागनार नाय," म्हणाल्या. विषय संपला.

बायका लिहायला लागल्या. प्रत्येक मशीनशेजारी नमुन्याच्या चार वाक्यांचा कागद चिकटवला होता, तो बघून लिहायच्या, आकडा तेवढा बदलायच्या. काम फक्कड चाललं. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. बाई मात्र दिवसेंदिवस उदास होत गेल्या. मला कळेना, झालंय काय. मग एकदा मुरबाड नाक्यावर एसटीची वाट बघताना त्यांनी सांगितलं. भाषा केली असं म्हणणारे फार असतात. पण केलेल्या माणसानं शिकवलं तेवढंच सगळे बोलत असतील, तर ती भाषा नव्हे, ती पोपटपंची. ज्या दिवशी कुणीतरी तिच्यात असं काही बोलेल जे मी शिकवलंच नाही, त्या दिवशी ती जिवंत.

मग त्या त्याची वाटच बघायला लागल्या. रोज संध्याकाळी केबिनमध्ये बसून मशीन एकपासून बारापर्यंतचा अहवाल त्या ओळ न् ओळ वाचायच्या. मला घरी जायची घाई आणि या आपल्या चष्मा नाकावर सरकवून 'मोज कॉइल चाळीस' वाचतायत, जसं काही त्यात माहेरची खुशाली यायची आहे. एकदा त्यांनी स्पर्धा ठेवली. बाईंच्या भाषेत नवं वाक्य लिहून दाखवा, वडापाव मिळेल. सगळ्यांनी कागदावरचीच वाक्यं लिहिली. एकानं सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि हे नवीन आहे म्हणून भांडून वडापाव नेला. बाई मागे उभ्या राहायच्या तेव्हा तर मशीनवरच्या बायका शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारख्या ताठ बसून एकेक अक्षर नमुन्याबरहुकूम टाइप करायच्या. बाई हात हलवत परत यायच्या.

पुढं कारखाना विकला गेला. नव्या मालकांचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, ते दिवाळीपर्यंत सगळीकडं बसवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. बाईंची भाषा बंद होणार होती. मला वाटलं, बाई भांडतील. निदान मोठ्या साहेबांना दोन शब्द सुनावतील. त्यांनी तसं काही केलं नाही. डबा उघडला, जास्तीची चपाती माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "मरायची तर मरू दे. माजं काय म्हननं नाय. पन ती जगली व्हती का, येवडं तरी मला कळाया पायजे व्हतं."

आजही ते वाक्य आठवलं की माझा हात कीबोर्डवर थांबतो.

दिवाळीच्या थोडं आधी, नव्या सॉफ्टवेअरची चाचणी चालू असताना, चार नंबर मशीनवरची जनी दुपारी पाळी संपवून आमच्या केबिनशी आली. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभी राहिली. सिद्धगडाखालच्या वाडीवरची ही बाई एरवी मान वर करून बोलायची नाही. म्हणाली, नव्यात बोलता येत नाय. बाईंना वाटलं, हिला बटणं समजली नाहीत. त्या समजवायला लागल्या तर जनी म्हणाली, "मशीनचा लिवता येतंय, बाई. पन दुपारचीशी बोलता येत नाय."

दुपारची म्हणजे तिच्याच मशीनवर पुढच्या पाळीला येणारी बाई. दुसऱ्या वाडीवरची. एकीची जीप निघाली की दुसरीची यायची, त्यामुळं दोघींची धड भेट अशी कधी होत नसे. वाड्यांवर तेव्हा फोनला रेंज नव्हती. तिच्याशी तू बोलतेस कशी, असं मी विचारलं. जनीनं आधी बाईंकडं पाहिलं. मग म्हणाली, रागावणार नसाल तर दाखवते.

आम्ही तिच्या मशीनशी गेलो. जुना कॉम्प्युटर अजून तिथंच होता. जनी स्टुलावर बसली आणि एका बोटानं टाइप करून तिनं ओळ पुरी केली. 'घे मशीन शून्य. मोज भाकरी दोन. कमी असंल तर सांग.'

बाई पडद्याजवळ वाकल्या. शून्य नंबरचं मशीन कारखान्यात नव्हतंच. जनीनं खाली बघत सांगितलं की मागं एकदा चुकून शून्य दाबलं गेलं आणि कॉम्प्युटर काहीच बोलला नाही. दुपारची बाई तशीच रानातून कामावर यायची, उपाशी, म्हणून जनी तिच्यासाठी कपाटात भाकऱ्या ठेवायची. ते तिला कळवायचं कसं, तर असं. तेव्हापासून चाललंय. "जे कंपनीचा नाय, ते सगला आमी शून्यात लिवतो."

बाईंचा अहवाल एकापासून सुरू व्हायचा. शून्यातलं त्यांच्या केबिनपर्यंत कधी पोचलंच नव्हतं, आणि त्यांच्या त्या कुणाला खाली बघायला न लावणाऱ्या भाषेनं त्याबद्दल कधी तक्रारही केली नव्हती. मी हे भराभर बोलून टाकलं. बाईंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. पडद्यावर वर सरकलेली एक जुनी ओळ त्या वाचत होत्या, दुपारचीनं आदल्या दिवशी लिहिलेली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. 'घे मशीन शून्य. मोज ताप एक. तार तुटली नाय.'

"ह्ये काय लिवलंय?" बाई म्हणाल्या. "मला समाजला नाय."

जनीनं सांगितलं, तिच्या धाकट्याला ताप आलाय. "तार तुटली नाय म्हंजे, घाबरन्यासारका नाय."

"कोनी शिकवला तुमाला असा लिवायला?"

जनीला वाटलं, आता बोलणी बसणार. ती अर्धवट उठली. "कोनी नाय, बाई. आमी असाच बोलतो."

मशीनं धडाडत होती. बाई त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या आणि त्यांचे ओठ हलत होते, पहिलीतल्या पोरीचे वाचताना हलतात तसे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा कधी बघितलंही नाही. दिवाळीनंतर तो कॉम्प्युटर भंगारात गेला. ती भाषा आज कुठंही चालत नाही. पण मला बाई आठवतात त्या अशाच, त्या गोंगाटात, त्या पडद्यासमोर. फार आठवतात.

बाहेर सकाळच्या पाळीची जीप हॉर्न वाजवत होती. बाईंनी जनीला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतःही तिच्या स्टुलाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "आजून काय काय बोलता, सांग."

जनी सांगायला लागली.